तीन पिढ्या, एक सुट्टी: मे महिन्यातल्या दापोली सहलीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आजोबा ७६ वर्षांचे, आजी ६८ वर्षांची, दोन मुलगे, दोन सुना, चौदा वर्षांची नात, नऊ वर्षांचा नातू आणि तीन वर्षांचं शेंडेफळ. असं नऊ जणांचं कुटुंब पुण्या-मुंबईहून निघून दापोली तालुक्यातल्या मुरुड, कर्दे, हर्णै, आंजर्ले या किनाऱ्यावर चार रात्री राहणार आहे, असं धरून खालची उत्तरं लिहिली आहेत. तुमचं गाव वेगळं असेल, माणसं कमी-जास्त असतील. पण गुडघे, दुपारची झोप, मासे आणि मोबाइलची रेंज हे चार विषय सगळ्याच घरांत निघतात.

सगळ्यांचं जमवायचं तर सुरुवात कुठून करावी?

ज्याच्या गरजा सर्वांत अडचणीच्या आहेत त्याच्यापासून. आधी ठिकाण ठरवायचं, मग बुकिंग करायचं आणि शेवटी "आई, तुला पायऱ्या चालतील ना?" असं विचारायचं, हीच नेहमीची चूक. तोवर आगाऊ रक्कम गेलेली असते आणि आई "चालतील" म्हणून मोकळी होते.

एका कागदावर प्रत्येकाच्या नावापुढे दोनच गोष्टी लिहा: हे हवंच आणि हे अजिबात नको. आधी सगळ्यांचे "नको" वाचा. आजोबांना रात्री दोनदा उठावं लागतं, म्हणून संडास खोलीला लागून हवा. धाकट्या जावेला घाटात गाडी लागते. मोठा मासे खाणारा, आजी शाकाहारी. तीन वर्षांच्या बाळाला दुपारी एक ते तीन झोप लागतेच. एवढं समोर आलं की निम्मी ठिकाणं आणि निम्मी घरं आपोआप गळतात. उरलेल्यांतून निवडताना "हवंच"चा रकाना बघा आणि प्रत्येकाची निदान एक गोष्ट चार दिवसांत नक्की होईल एवढंच कबूल करा. सगळ्यांच्या सगळ्या गोष्टी चार दिवसांत बसत नाहीत.

"मला काहीही चालेल" म्हणणाऱ्यांचं काय करायचं?

बहुतेक घरांत हे वाक्य आजी किंवा थोरली सून म्हणते, आणि सहलीत सर्वांत जास्त त्रासही त्याच दोघी काढतात. त्यांना मोघम विचारू नका, मोजून विचारा. "घराच्या जिन्याएवढ्या पायऱ्या चढशील की त्याच्या दुप्पट?" "सकाळी चहा किती वाजता लागतो?" "खाली बसून उठता येतं का, की कमोडच हवा?" सुनेला विचारा, "चार दिवसांत कोणतं काम अजिबात करायचं नाही?" स्वयंपाक हे उत्तर आलं, तर स्वतः रांधून खायची सोय असलेला बंगला यादीतून काढून टाका. भाड्यात वाचलेले पैसे तिच्या सुट्टीतून वसूल होतात.

आणि आजोबा मनापासून "मला यायचं नाही" म्हणत असतील, तर गळ घालण्याआधी कारण शोधा. पुष्कळदा कारण प्रवासातल्या लघवीचं असतं आणि ते सांगायला संकोच वाटतो. दर दीड तासाला थांबायचं, हे सगळ्यांसमोर न बोलता ठरवून टाका. नकार कित्येकदा तिथेच विरतो.

तारखा कोणत्या धराव्यात?

राज्य मंडळाच्या शाळांना मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत सुट्टी असते; केंद्रीय मंडळाच्या शाळांचं वेळापत्रक वेगळं. दोन भावांची मुलं वेगवेगळ्या मंडळांत असली, तरी मेचे पहिले तीन आठवडे बहुधा सगळ्यांना मोकळे सापडतात. त्यातही १ मेला लागून येणारे दिवस टाळा, रस्ते आणि खोल्या दोन्ही भरतात.

शेवटची मर्यादा २० मे धरा. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून किनाऱ्यावरचे बोटींचे खेळ पावसाळ्यासाठी बंद होऊ लागतात आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते. पाऊसही कधी कधी आधी येतो. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २४ मेला केरळात आणि २६ मेला थेट मुंबईत पोहोचला होता. त्या आठवड्याची बुकिंग असलेल्यांची सहल खोलीत बसून गेली.

सोमवार ते शुक्रवार जमत असेल, तर तेच घ्या. आणि शक्य असेल तर तिथी बघून तारीख धरा. त्याचं कारण पुढे भरती-ओहोटीच्या प्रश्नात आहे.

महाबळेश्वर किंवा माथेरान का नको?

नको असं नाही. थंड हवा हीच पहिली गरज असेल, तर महाबळेश्वरच बरं. ते सुमारे १,३७० मीटर उंचीवर आहे. कोकणात मे महिन्यात पारा ३३-३५ अंशांवर असतो आणि घाम वाळत नाही. पण महाबळेश्वरची सहल म्हणजे एका पॉइंटवरून दुसऱ्या पॉइंटवर गाडीने फिरणं. लहान मूल आणि म्हातारं माणूस दोघंही त्याला कंटाळतात. माथेरानात वाहनं दस्तुरीला थांबतात, पुढचं अंतर चालत, घोड्यावर किंवा गाडी बदलून काटावं लागतं. गुडघेदुखी असलेल्या आजीसाठी ते अवघड.

समुद्रकाठच्या घरात एक मोठी सोय असते: सगळ्यांनी एकाच वेळी एकच गोष्ट करायची सक्ती राहत नाही. आजी पडवीत बसलेली, आजोबा वाडीत पाणी कसं सोडतात ते बघताहेत, मुलं वाळूत, आणि सगळे हाकेच्या अंतरावर.

दिवस किती आणि मुक्काम किती?

चार रात्री, एक मुक्काम. "दोन रात्री दापोली, एक गुहागर, एक गणपतीपुळे" असा आराखडा कागदावर छान दिसतो. नऊ जणांची आवराआवर, बाळाचं सामान, औषधांचा डबा आणि खोलीचा ताबा मिळेपर्यंतची वाट धरली, तर मुक्काम बदलण्यात पूर्ण दिवस जातो. गुहागर बघायचंच असेल, तर दाभोळहून धोपाव्याला गाडीसकट फेरीबोटीने जा आणि संध्याकाळी परत या. मुलांना बोटीत गाडी चढताना बघायला मिळते आणि चिपळूणचा मोठा वळसा वाचतो.

घर घेताना फोनवर नेमकं काय विचारायचं?

फोटोंवर विसंबू नका. मालकाला विनंती करा: गाडीच्या दारापासून खोलीपर्यंत, आणि खोलीतल्या पलंगापासून संडासापर्यंत चालत चालत एक व्हिडिओ काढून पाठवा. एका मिनिटाच्या त्या व्हिडिओत सगळं दिसतं. वाडीतल्या घरांना पुष्कळदा पाखाडीने, म्हणजे दगडी पायवाटेने, आत जावं लागतं, गाडी रस्त्यावरच राहते. जांभ्याच्या पायऱ्यांची उंची सारखी नसते. न्हाणीघराचा उंबरठा वीतभर उंच असतो, फरशी गुळगुळीत असते, आणि रात्री आजोबा नेमके तिथेच घसरतात. सोबत रबरी पायपुसणं आणि बॅटरीवरचा छोटा दिवा न्या.

बाकीचे प्रश्न: कमोड प्रत्येक खोलीत आहे की एकाच? तळमजल्यावर किती खोल्या? वीज गेली तर इन्व्हर्टरवर काय चालतं, फक्त दिवे की पंखेही? वळवाच्या पावसात तासन् तास वीज जाते. तेव्हा एसी असला काय नि नसला काय, पंखा चालायला हवा. फ्रीजमध्ये औषध ठेवू द्याल का? उशिरा आलो तर जेवण मिळेल का? पैसे परत मिळण्याची अट काय? ती अट व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, तोंडी नको.

आणि एक खबरदारी. मुरुड दोन आहेत. जंजिऱ्याजवळचं मुरुड रायगड जिल्ह्यात, दापोलीजवळचं रत्नागिरी जिल्ह्यात. नकाशात नुसतं "मुरुड बीच" टाकून निघालेली कुटुंबं भलत्याच जिल्ह्यात पोहोचतात. घरमालकाकडून लोकेशन मागवा.

आपली गाडी, भाड्याची की रेल्वे?

पुण्याहून गाडी बरी. ताम्हिणी घाटाने माणगावला उतरून आंबेत, मंडणगडमार्गे दापोली. म्हातारी माणसं आणि बाळ असताना सहा-सात तास धरा आणि पहाटे पाचला निघा, म्हणजे घाट उन्हाआधी उतरतो. सात आसनी गाडीत सात माणसं बसली की मागे सामानाला जागा उरत नाही, हे बुकिंगच्या वेळी लक्षात येत नाही. नऊ जणांना दोन गाड्या किंवा एक टेम्पो ट्रॅव्हलर लागते. भाड्याच्या गाडीला दिवसाला किमान २५० ते ३०० किलोमीटरचे पैसे लावण्याची पद्धत आहे, गाडी दारात उभी असली तरी. त्यामुळे चार दिवस एकाच ठिकाणी राहणाऱ्यांना ती महाग पडते. सोडायला आणि आणायला वेगळी, मधल्या दिवसांसाठी गावातली रिक्षा किंवा सुमो, हा हिशेब मांडून बघा. चालक मुक्कामी असेल, तर त्याच्या झोपण्या-जेवणाची सोय आधी ठरवा.

मुंबईहून रेल्वे. दापोलीला जवळचं स्टेशन खेड, तिथून सुमारे २८-३० किलोमीटर. वंदे भारत शुक्रवार सोडून रोज पहाटे मुंबईहून सुटते आणि सकाळी नऊच्या आत खेडला पोहोचवते. ऊन चढण्याआधी घरी पोहोचता येतं. मांडवी एक्सप्रेसने घरी पोहोचेपर्यंत दुपार होते. तुतारी एक्सप्रेस दादरहून रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी सुटते. इथे दरवर्षी लोक फसतात: शनिवारी रात्री जेवून निघायचं असेल, तर तिकीट रविवारच्या तारखेचं काढावं लागतं. तारीख चुकली की गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते.

रेल्वेचं तिकीट नऊ जणांचं एकत्र काढावं का?

नका काढू, आणि निघतही नाही. एका तिकिटावर जास्तीत जास्त सहा प्रवासी चालतात, तत्काळमध्ये चार. पाच वर्षांखालच्या मुलाला बर्थ घेतला नाही, तर तिकीट लागत नाही.

रात्रीच्या गाडीने जाणार असाल, तर आजी-आजोबांचं तिकीट वेगळं काढा, ज्येष्ठांच्या खालच्या बर्थच्या कोट्यातून. हा कोटा ६० वर्षांवरील पुरुष आणि ४५ वर्षांवरील महिलांसाठी आहे, आणि एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तरच लागू होतो. नातवंडांची नावं त्याच तिकिटावर घातली की तो हक्क जातो. उरलेले चार मोठे आणि दोन मुलं, असे बरोबर सहा जण दुसऱ्या तिकिटावर. डबे वेगळे आले, तर दोन्ही मुलग्यांपैकी एकाने आजोबांच्या डब्यात जागा बदलून घ्यायची. खालचा बर्थ मिळवण्यापेक्षा ते पुष्कळ सोपं असतं. ज्येष्ठांची भाडेसवलत मात्र मार्च २०२० पासून बंद आहे. तिच्या भरवशावर हिशेब करू नका.

पाच ते बारा वर्षांच्या मुलाला वेगळा बर्थ हवा असेल, तर पूर्ण भाडं पडतं. नऊ वर्षांच्या मुलासाठी ते द्या. अर्ध्या तिकिटात रात्रभर आईच्या बर्थवर दोघांनाही झोप लागत नाही.

आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सकाळी ८ वाजता उघडतं. प्रवास १० मेचा असेल, तर ११ मार्च. मेमध्ये कोकणच्या गाड्या पाहता पाहता भरतात, म्हणून प्रवाशांची नावं आणि वयं आदल्या रात्रीच खात्यात भरून ठेवा. परतीचं आरक्षण चार दिवसांनी उघडतं. त्या तारखेचा गजर लावा, नाहीतर जायचं तिकीट हातात आणि यायचं प्रतीक्षा यादीत, अशी गत होते.

एसटीने जाणं परवडतं का?

पैशाच्या दृष्टीने एसटीसारखं काही नाही. राज्यात ७५ वर्षांपुढच्यांना प्रवास मोफत, ६५ ते ७५ वयाला निम्मं भाडं, महिलांना १७ मार्च २०२३ पासून निम्मं भाडं. वरच्या कुटुंबात आजोबा फुकट. आजी, दोन्ही सुना आणि नात निम्म्यात. वयाच्या पुराव्याला मूळ आधार कार्ड जवळ ठेवा. आरक्षण केलं तर त्याचा आकार वेगळा. अडचण एकच: मनाप्रमाणे थांबता येत नाही. आजोबांना वरचेवर उतरावं लागत असेल, तर बचत बाजूला ठेवा.

घाटात गाडी लागते, त्यावर काय?

उपाशी पोटी निघू नका आणि भरल्या पोटीही नको. कोरडी पोळी, राजगिऱ्याचा लाडू, चार खाकरे पुरेत. निघताना दूध-चहा टाळा. लागणाऱ्याला पुढच्या सीटवर बसवा, नजर लांबच्या रस्त्यावर, हातात मोबाइल नाही. मुलांना मागच्या सीटवर व्हिडिओ लावून दिला की ताम्हिणीच्या तिसऱ्या वळणावर पिशवी लागते.

गोळी घ्यायची असेल, तर घाटाच्या तास-दीड तास आधी घ्यावी लागते, मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. या कामासाठी सर्रास घेतली जाणारी प्रोमेथाझिनची गोळी दोन वर्षांखालच्या बाळांना देत नाहीत. म्हाताऱ्यांना तिने गुंगी येते आणि प्रोस्टेटचा त्रास असेल, तर लघवी अडू शकते. शेजाऱ्यांच्या डब्यातली गोळी आजोबांना देऊ नका, डॉक्टरांना विचारा.

दिवस कसा आखायचा?

कोकणातल्या मे महिन्याच्या दिवसाचे दोन तुकडे असतात, सकाळी साडेअकरापर्यंत आणि दुपारी साडेचारनंतर. मधला वेळ घराचा. तो "वाया जातो" म्हणून बारा वाजता देवदर्शनाला निघणारे संध्याकाळी डोकेदुखी घेऊन परततात. जेवण साडेबाराला उरका, मग झोप, पत्ते, आंबे.

आमचा आग्रह असा की रोज दोन टोळ्या करा. एक चालणारी, एक बसणारी. कोण कुठल्या टोळीत हे रोज सकाळी नव्याने ठरू द्या. दोन्ही सुना सलग दोन दिवस बाळापाशीच राहिल्या, तर तिसऱ्या दिवशी बाळ बापाकडे किंवा काकाकडे द्यायचं, हे निघण्याआधीच बोलून ठेवा. सगळ्यांनी एकत्र असण्याची वेळ एकच पक्की करा, रात्रीचं जेवण. तेवढं नेमाने झालं की बाकी दिवसभर कोण कुठे होतं यावरून कुणी रुसत नाही.

समुद्रात कधी उतरावं?

पाणी चढत असताना. ओहोटीत पाणी माणसाला आत ओढतं.

भरतीची वेळ काढायला कोकणात जुना हिशेब आहे: तिथीच्या आकड्याला तीनने गुणा, चारने भागा, येईल तो भरतीचा सुमार. चतुर्थी असेल, तर चार गुणिले तीन भागिले चार म्हणजे तीन. दुपारी आणि पहाटे तीनच्या आसपास पूर्ण भरती. सुमारे सव्वासहा तासांनी, म्हणजे नऊच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून घरमालकाला किंवा कोळ्यांना विचारून पक्कं करा. भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते.

आता तारखांचा मुद्दा. अष्टमी ते दशमीला भरती सहा ते साडेसातच्या दरम्यान येते. म्हणजे दुपारी साडेचारनंतर ऊन कलतं त्याच वेळी पाणी चढत असतं. शिवाय हे दिवस भांगाचे, पाण्याची ओढ कमी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं आणि संध्याकाळी पाणी ओसरत जातं. तेव्हा पाय भिजवा, किल्ले बांधा, पोहायला जाऊ नका. लहान मुलांची सहल अष्टमीच्या आगेमागे ठेवली, तर संध्याकाळचे चारही दिवस हाती लागतात.

लाटा दोन्ही बाजूंना फुटताहेत आणि मधला पट्टा शांत दिसतोय, अशा जागी उतरू नका. पाणी परत फिरण्याची वाट तीच असते. कुणी ओढला गेला, तर किनाऱ्याकडे झगडत न येता किनाऱ्याला समांतर हात मारायचे. विजा चमकायला लागल्या की वाळू सोडायची. गाडी वाळूवर नेऊ नका. ओल्या वाळूवर गाडी चालते, थांबली की चाक रुततं, आणि भरती कुणासाठी थांबत नाही.

गुडघे दुखणाऱ्यांनी काय बघावं, काय सोडावं?

आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला गाडी वरपर्यंत जाते आणि तिथून समुद्रातला सुवर्णदुर्ग किल्ला दिसतो, तेव्हा आजीसाठी हे उत्तम. आसूदचं केशवराज मंदिर सोडा. पोफळीच्या बागांतून उतरायचं, साकव, म्हणजे छोटा पूल, ओलांडायचा आणि पुन्हा पायऱ्या चढायच्या. सावली दाट आहे, मुलांना फार आवडतं, पण दुखऱ्या गुडघ्याला उतरणं चढण्याहून वाईट. ही चालणाऱ्या टोळीची सकाळ. सुवर्णदुर्गाला बोटीतून उतरताना सहसा पाय पाण्यात घालावे लागतात, धरायला काही नसतं. आजोबांनी तो कड्यावरूनच बघावा. पन्हाळेकाजीची २९ लेणी बघायची तर सकाळी लवकर निघा.

हर्णै बंदरातला माशांचा लिलाव मुलांना जरूर दाखवा. तिथला वास आणि घसरडी जमीन आजीला नकोशी होईल. आजोबांना बागेची हौस असेल, तर दापोलीत १९७२ मध्ये स्थापन झालेलं कोकण कृषी विद्यापीठ आहे.

चौदा वर्षांची नात कंटाळेल, त्याचं काय?

कंटाळा आला तर येऊ द्या, पण तिच्या हाती काहीतरी खरं द्या. एक पूर्ण सकाळ तिने आखायची: कुठे, कसं, किती पैशांत. मोठ्यांनी सूचना करायच्या नाहीत, फक्त जायचं. पहाटेची डॉल्फिन बघण्याची बोट, सायकल, केशवराज, काहीही. बोटीत बसण्याआधी प्रत्येकाच्या अंगावर मापाचं जॅकेट आहे का, हे बघण्याची जबाबदारीही तिचीच. लहान भावाला मोठ्याचं जॅकेट घातलं, तर पाण्यात ते डोक्यावरून निसटतं.

तिला शक्य असेल तर चुलतभावंडांबरोबर न ठेवता आजीच्या खोलीत ठेवा. बघा पटतं का. त्या वयाला दार लावायला जागा हवी असते, आणि आजी नऊला झोपते.

घरात काही शाकाहारी, काही मासे खाणारे. जेवण कसं जमवायचं?

मुरुडच्या पुष्कळ घरगुती खानावळी शुद्ध शाकाहारी आहेत. तिथे बाहेरून मासे आणून खाणंही चालत नाही. हे बुकिंगच्या वेळी विचारा. सोपी वाट अशी: मुक्काम शाकाहारी घरात, आणि मासे खाणाऱ्यांनी दोन दुपारी हर्णै किंवा दापोलीत जेवून यायचं. उलट केलं, तर आजी चार दिवस दही-भातावर काढते आणि कुणाला सांगत नाही.

उकडीचे मोदक आदल्या दिवशी सांगावे लागतात. सहलीत संकष्टी किंवा एकादशी येत असेल, तर उपासाचं काय मिळेल ते आधीच बोला. बाळासाठी मेतकूट आणि छोटी तुपाची बरणी सोबत न्या. गुरगुट्या भात कोणत्याही घरात करून मिळतो. आंबे खाण्याआधी तासभर पाण्यात ठेवा.

इन्सुलिन आणि रोजच्या गोळ्या कशा न्यायच्या?

वापरात असलेलं बहुतेक इन्सुलिन ३० अंशांखाली सुमारे चार आठवडे टिकतं. मे महिन्यात बंद गाडीत ती मर्यादा थोड्याच वेळात ओलांडली जाते. रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये गार पाणी भरा, पेन कोरड्या प्लास्टिकच्या डबीत घालून ती डबी आत ठेवा. बर्फाला थेट टेकवू नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन विरघळल्यावर दिसतं तसंच, पण काम करत नाही. मुक्कामी फ्रीजच्या दारात ठेवा, फ्रीझरजवळ नको. फ्रीज नसेल, तर सावलीत माठाशेजारी ओल्या फडक्यात.

गोळ्या दोन जागी विभागा: चार दिवसांच्या आजोबांच्या पिशवीत, आणखी चार दिवसांच्या दुसऱ्या गाडीत. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो दोघांच्या मोबाइलमध्ये. रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल, तर प्रवासाच्या दिवशी ती कधी घ्यायची हे डॉक्टरांना आधी विचारा. स्वतःच्या मनाने ती बुडवणं आणि पाणी न पिणं या दोन्ही गोष्टी म्हातारी माणसं गुपचूप करतात.

ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात पूर्ण घालायची. पेल्यात अंदाजाने अर्धी घातली, तर क्षार जास्त होतात आणि लहान मुलाला अपाय होतो.

वाडीत मुलांना मोकळं सोडावं का?

सोडावं, तीन गोष्टी सांगून. पहिली, माडाखाली खेळायचं नाही, झोपाळा बांधायचा नाही, गाडी लावायची नाही. दुसरी, काजूचं बोंड खावं, पण बी दाताने फोडायची नाही. टरफलातल्या तेलाने ओठ आणि बोटं भाजतात. तिसरी, जांभ्याच्या गडग्यांत, म्हणजे रचलेल्या दगडी कुंपणांत, हात घालायचा नाही, आणि सकाळी चपला झटकूनच घालायच्या. कोकणातला लाल विंचू हृदयावर परिणाम करतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केल्यापासून मृत्यू पुष्कळ कमी झाले, पण तो उपचार वेळेत मिळायला हवा. विंचू चावल्यावर मूल घामाघूम झालं, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले, तर मंत्र-लेप करत न बसता रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करा किंवा सरळ दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयात न्या.

एकाला ऑफिसचं काम करावंच लागणार. चालेल?

चालेल, वेळ आधी जाहीर केली तर. दुपारी एक ते चार हीच वेळ घ्या. तेव्हा बाकीचे झोपलेले असतात. वाडीत रेंज एका कोपऱ्यात येते आणि दुसऱ्यात जाते. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम ठेवा. दिवसभर लॅपटॉप उघडा ठेवून "पाच मिनिटांत आलो" म्हणणारा माणूस घरच्यांना सर्वांत जास्त दुखावतो.

खर्च कसा वाटायचा?

घरटी समान वाटणी केली, की एकच लहान मूल असलेल्या भावाला ती टोचते. आम्ही हिस्से मांडतो: मोठ्यांना एक, बारा वर्षांवरच्या मुलांना एक, पाच ते बारा अर्धा, त्याखाली शून्य. वरच्या कुटुंबात थोरल्याचे साडेतीन, धाकट्याचे दोन, आजी-आजोबांचे दोन, एकूण साडेसात. सामाईक खर्च ६०,००० रुपये झाला, तर हिस्सा ८,००० चा. थोरला २८,०००, धाकटा १६,०००. आजी-आजोबांचे १६,००० दोघांनी वाटून घ्यायचे की आजोबा स्वतः देणार, हे आजोबांना विचारा. पुष्कळ आजोबांना स्वतःचे पैसे द्यायचे असतात, आणि त्यांना ते देऊ न देणं त्यांना आवडत नाही.

सामाईकात काय येतं ते लिहून ठेवा: घर, प्रवास, रोजचं जेवण. बोट, मासे, आंब्यांच्या पेट्या ज्याच्या त्याच्या. पैसे एकानेच द्यायचे आणि रात्री जेवणानंतर त्या दिवसाचा खर्च ग्रुपवर टाकायचा.

भाऊ अमेरिकेत आहे, त्याच्या मुलांना जूनमध्ये सुट्टी लागते. काय करावं?

जून-जुलैमध्ये आला, तर समुद्राचा बेत सोडा. कोकण तेव्हा हिरवंगार असतं, पण बोटी बंद, समुद्र खवळलेला, घाटात दरडी आणि रेल्वेला पावसाळी वेळापत्रक. त्या दिवसांत घाटमाथ्यावर एखादं घर घेऊन तीन दिवस पाऊस बघत बसणं जास्त सुखाचं. समुद्रच हवा असेल, तर डिसेंबरच्या शेवटी या. फक्त घर सप्टेंबरात धरा.

परतीला आंब्याची पेटी कशी आणावी?

पिकलेले आणू नका, कच्चे किंवा अर्धे पिकलेले घ्या. वरचा थर बघून पेटी घेऊ नका, मधले दोन काढून वास घ्या. देठाशी गोड वास हवा. गाडीत पेटी पायाशी किंवा सीटच्या मागे सावलीत ठेवा, वर बॅगा रचू नका आणि प्लास्टिकने झाकू नका. घरी आल्यावर गवत पसरून एकेक थर लावा आणि रोज एकदा हात फिरवून नरम झालेले वेगळे काढा. डाग पडलेला एक आंबा आत राहिला, तर शेजारचे चार घेऊन जातो.